घरी आल्यावर गर्दी टाळा
बोन मॅरो ट्रान्सप्लांट म्हणजे ऑपरेशन नसतं हे लेखात सांगितलंत ते बरं केलंत, आमच्याकडे येणारा जाणारा टाके किती पडले विचारायचा. बाबांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर, त्यामुळे मूळ पेशी (स्टेम सेल) त्यांच्याच, आधी काढून गोठवलेल्या, त्या रक्तासारख्या शिरेतून चढवतात, बाकी काही नाही, फक्त खोलीभर गोठवताना घातलेल्या प्रिझर्व्हेटिव्हचा लसणीसारखा वास सुटतो. खरा त्रास त्याच्या आधी दिलेल्या मेलफॅलन या केमोच्या औषधाचा, तो नंतर आठवडाभरात कळतो, तोंड येतं, जुलाब होतात, पाणीसुद्धा गिळवत नाही. ते औषध चालू असताना तोंड कमी यावं म्हणून बर्फ देतात तो कंटाळा न करता चघळाच. रक्तपेशींचा काउंट वर यायला साधारण १० ते १४ दिवस. आणि डिस्चार्ज मिळाला की लगेच सत्यनारायण घालून माणसं गोळा करू नका राव, प्रतिकारशक्ती पार गेलेली असते, लहानपणीच्या लसीसुद्धा परत घ्याव्या लागतात!