आमची मंडळी धडधाकट आहे

लेक अमेरिकेतून शिकून लातूरला परत आली आणि नोव्हेंबर सरत आला तशी गप्प गप्प राहायला लागली. खोदून विचारल्यावर कळलं, तिला पंपकिन पायची, म्हणजे काशीफळाचं (लाल भोपळ्याचं) गोड सारण भरून भाजलेल्या पदार्थाची, आठवण येतेय. ओहायोतल्या तिच्या घरमालकीणबाई थँक्सगिव्हिंगच्या सणाला करायच्या. मी म्हटलं, एवढंच ना? काशीफळ आहे, दूध आहे, बाप आहे. करू.

इथवर सगळं ठीक होतं. पुढचं घडलं ते बेकरीच्या भट्टीवर, आणि ते अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

सौ.नं आधीच हात झटकले होते. काशीफळाला पहिली सुरी पुरुषानं लावायची असते, ही रीत तिला नेमकी त्या दिवशी आठवली. सुरी लावून झाल्यावर ‘आता लावलीच आहे तर पुढचंही उरका’ म्हणून ती टीव्हीसमोर जाऊन बसली. जाता जाता ‘त्यापेक्षा घारगे का नाही करत?’ हे विचारलंच. वर एक अट: गुरुवारी घरात अंडं फुटणार नाही. आता थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. १९४१ साली अमेरिकेच्या संसदेनं तसा कायदा केला, तेव्हा आमच्या घरच्या गुरुवारचं कुणी काही विचारलं नाही. तोडगा लेकीनंच काढला. ओहायो या दिवसांत आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असतं, म्हणजे शुक्रवारी सकाळी साडेदहापर्यंत तिकडे गुरुवारच. तेवढ्यात खाऊन घ्यायचं. अंडी मात्र भट्टीवर फोडायची. ओव्हन तसाही आमच्याकडे नाही.

तिकडे काशीफळ चिरायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही म्हणे. उकडलेला गर डब्यात मिळतो, ४२५ ग्रॅमचा. आणि त्या डब्यात बहुतेक वेळा चित्रातला तो नारिंगी गोल भोपळा नसतोच. फिकट सालीची, लांबट जात असते, आपल्या काशीफळाची भाऊबंदच. दूधही तिकडे आटवलेलं, बिनसाखरेचं डब्यात मिळतं. ते मी शेगडीपाशी उभा राहून निम्म्याच्या खाली आणलं. मग सुंठ, लवंग, दालचिनी. जायफळ किसायला घेतलं तशी टीव्हीपाशून हाक आली, ‘अहो, पुरण घातलंत की काय?’ मैद्यात थंडगार लोणी चोळून पारी केली, ती केकच्या पसरट भांड्यात बसवली, गराचं मिश्रण किटलीत घेतलं, दोन अंडी खिशात घातली आणि शाळा सुटल्यावर भट्टी गाठली.

आमच्याकडे घरचं पीठ नेऊन नानकटाई भट्टीतून भाजून आणायची पद्धत आहे. दिवाळी होऊन गेली होती, पण लग्नसराई लागली होती आणि रुखवताचे पत्रे रांगेत होते. माझ्यापुढे एक मावशी. इरकली लुगडं, मांडीवर पिठाचा डबा, बसायला पावाचा उपडा क्रेट. भाचीच्या रुखवताची नानकटाई होती. त्यांनी आधी माझ्या भांड्याकडे बघितलं, मग किटलीकडे, मग माझ्याकडे.

‘काय आणलाव, भाऊ?’

‘काशीफळाचं आहे.’

‘काशीफळ? अन् वास तर जायफळाचा यायलाय.’

‘जायफळही आहे.’

‘दूध आटवून घातलाव व्हय?’

‘हो.’

मावशी जरा थांबल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘मंडळी कधी वारल्या?’

आता हिशेब बघा त्यांचा. पुरुषमाणूस, एकटा, हातात शिजवायचं भांडं. काशीफळ पितरांच्या पानात असतं, आटीव दुधाची खीर असते. त्यांच्या बाजूनं बेरीज बरोबर होती. मी म्हटलं, ‘अहो मावशी, मंडळी घरी आहेत. टीव्ही बघतायत.’

‘तसं वाटतंय बगा,’ मावशी डोळ्याला पदर लावत म्हणाल्या. ‘आमच्या दिरालाबी वरीसभर जाऊबाई दिसायच्या. टीव्हीम्होरंच बसायच्या म्हणं.’

मग मी थँक्सगिव्हिंग समजावून सांगायला घेतलं. शाळामास्तर असल्यामुळं समजावून सांगायचं राहवत नाही. म्हटलं, अमेरिकेतला सण आहे, पीक घरात आलं की सगळी माणसं एकत्र बसून जेवतात, आभार मानतात.

‘म्हंजे त्येंची येळवस.’

येळवस म्हणजे आमच्या लातूरकडचा शेतात जाऊन जेवायचा सण. मी चाट पडलो. इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नसतं. पण मावशी थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. ‘येळवशीला भज्जी आसती, आंबील आसती. शेतात जाऊन खातेत. तुमी तर भट्टीवर आलाव.’ तपासात माझी येळवस टिकली नाही, पुन्हा श्राद्धच पुढे आलं.

आणि तेवढ्यात मला अंडी फोडायची होती.

खिशातून दोन अंडी काढून किटलीच्या काठावर आपटली तेव्हा अख्खी रांग गप्प झाली. श्राद्धाला अंडी! मला वाटलं, आता तरी यांची खात्री पटेल. मावशींनी पिवळ्या बलकाकडे बराच वेळ बघितलं आणि उसासा टाकला. ‘लई आवडायची व्हय त्येंला?’

मागच्या म्हाताऱ्यानं टोपी काढली. टोस्ट घ्यायला आलेला एक पोरगा म्हणाला, ‘सरांना म्होरं जाऊ द्या.’ आणि मी गेलो. रांग मोठी होती, काय करणार. मावशींनी तेवढ्यात शाळा कोणती, पोरगी केवढी, हे काढून घेतलं आणि औशाची एक लांबची भाची सुचवली. शाळेवर खिचडी शिजवते, हाताला चव आहे, नवरा नाही. ‘घाई नाही. वरीस होऊ द्या.’

भट्टीवाल्या चाचाला मी सांगितलं, आधी पंधरा मिनिटं २२० अंश, मग १७५. चाचा म्हणाला, ‘सर, भट्टीला काय कान आस्तेत पिळायला? पाव निघालेत, आता ती आपोआप उतरती.’ हे शास्त्रशुद्धच निघालं. पण कडा धरल्यावर मध्ये जरा हलत असतानाच पाय बाहेर काढायचा असतो, आत राहिलेल्या उष्णतेनं तो पुढे धरतो, हे त्याला पटेना. ‘हलतंय म्हंजे कच्चं,’ म्हणत त्यानं मधोमध बोट घातलं आणि पुन्हा आत ढकललं. शेवटी निघाला तेव्हा बोटाच्या भोकापासून कडेपर्यंत चीर गेली होती. मी पैसे काढले तर त्यानं माझा हात मिटला. ‘आसल्या कामाचे घेत नसतेत.’

याचा खरा राग आहे मला. इतके पत्रे रांगेत होते, एकाही बाईला कुणी विचारलं नाही की तुमच्या घरचे कधी गेले. माझी बायको लग्न झाल्यापासून दोन्ही वेळा चुलीपाशी उभी आहे, तिच्या दुःखानं कुणी टोपी काढली नाही. बापानं लेकीसाठी एक पदार्थ केला तर त्याला निदान एक मयत लागते. मावशी वाईट नव्हत्या, तेच तर अवघड. वाईट असत्या तर भांडता आलं असतं.

त्याच रात्री अंबाजोगाईहून सौ.च्या चुलतबहिणीचा फोन. उचलला सौ.नं. पलीकडून हुंदका, ‘ताई गेली म्हणं?’ सौ. म्हणाली, ‘अगं, मी बोलतेय.’ पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘आवाज अगदी तिच्यासारखाच आहे. तुम्ही कोण तिच्या?’

शुक्रवारी साडेदहाच्या आत लेकीनं चांगला पाव भाग पाय खाल्ला. ‘तिकडच्यापेक्षा जायफळ जास्त आहे, मला हाच आवडला,’ म्हणाली. मग, ‘बाबा, मध्ये भोक कशाचं?’ सौ. त्या पायकडे बघायलाही तयार नव्हती.

रविवारी मावशींच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका घरपोच आली. वर हातानं लिहिलेलं, ‘श्री. सर व कन्या’. सौ.नं ती उलटून पालटून वाचली, कपाट उघडलं, पैठणी काढून दोरीवर टाकली.

‘जायचं,’ ती म्हणाली. ‘आणि ती औशाची कोण ते मला लांबून दाखवायचं. बाकी मी बघते.’