7 तास 50 मिनिटं म्हणे!

नातीच्या बारशाला दादाकडे टोकियोला जायला आई का-कू करतेय, म्हणून सकाळी सकाळी मामांनी फॅमिली ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला. मुंबई ते टोकियो, अंतर सुमारे 6,800 किमी, उड्डाणाचा वेळ 7 तास 50 मिनिटं. खाली मामांची आईसाठी ओळ: "ताई, एवढा वेळ तर एसटीला सावंतवाडी गाठायला लागतो. कसले आढेवेढे घेतेस?" आणि दोन हसरे चेहरे.

चहा तिथेच गार झाला माझा.

अंतर आणि वेळ सांगणाऱ्या या साइट्स करतात काय, तर पृथ्वीच्या गोळ्यावर दोन शहरांमध्ये जवळात जवळची रेघ मारायची आणि विमानाच्या वेगाने भागायचं. झालं गणित. ती रेघ जाते भूतान आणि पूर्व तिबेटवरून. तिबेटवरून विमानं सहसा नेतच नाहीत. केबिनमधला हवेचा दाब गेला तर 10,000 फुटांपर्यंत खाली उतरावं लागतं, आणि तिथे जमीनच त्याहून उंच! मग म्यानमारकडून वळसा. पण वळशाचं एक वेळ सोडा.

मागच्या डिसेंबरात आई दादाकडे गेली तेव्हा थेट विमानाचं तिकीट आवाक्याबाहेर होतं, म्हणून बँकॉकमार्गे पाठवली. दुपारी एकला पुण्याहून टॅक्सी. मुंबई विमानतळावर तीन तास आधी. बँकॉकला रात्री दोन ते सकाळी साडेसात नुसतं बसून. मग नारिता विमानतळ. नारिता म्हणजे टोकियो नव्हे, शहर तिथून साठेक किलोमीटर लांब. टोकियोतल्या निशी-कासाईला दादाच्या दारात पोचेपर्यंत पंचवीस तास उलटून गेले होते. आणि बँकॉकच्या त्या साडेपाच तासांत माझी एकाहत्तर वर्षांची आई बाथरूमला उठली नाही. का, तर हातातली बॅग ठेवायची कुणाच्या भरवशावर? हे मला तिने महिन्याभराने सांगितलं, तेही हसत.

टाका ना स्क्रीनशॉटमध्ये हे.

पूर्वी लोक बोटीने आठवडेच्या आठवडे जायचे, ठाऊक आहे. कमेंटमध्ये कुणी तरी लिहिणारच, म्हणून आधीच मान्य करते.

येताना जानेवारीत थेट तिकीट जमलं. तरी दहा तास लागले. जाताना वारा पाठीशी असतो, येताना तोंडावर. हिवाळ्यात जपानवरचा जेट स्ट्रीम, म्हणजे उंचावरून पश्चिमेकडून वाहणारा जोरदार वारा, कधी कधी ताशी 300 किमीच्याही वर जातो. आई समोरच्या स्क्रीनवर वेग बघत बसली होती, ताशी 650 किमीच्या पुढे आकडा जाईना. तिला वाटलं विमानात बिघाड झालाय आणि कुणी सांगत नाहीये. शेजाऱ्याला विचारायचा संकोच. दोन तास रामरक्षा म्हणत होती.

मामांवर चिडून तरी काय करू म्हणा. ते कधी विमानात बसलेले नाहीत, आणि नातीच्या बारशाला ताईने जावं असं त्यांना मनापासून वाटतंय. पण मग "ताई, गुडघे कसे आहेत" असं विचारा की. सावंतवाडी कशाला मध्ये आणता?

हे टाइप करत होते तर आई मागे येऊन उभी. सगळं वाचलंन. म्हणाली, "मामाला काही बोलू नकोस हं. आणि थेटचं केवढ्याला पडतंय ते बघ जरा. खिडकीची सीट नको, कडेची घे."