ड्रायव्हरकाकांची वसुली आणि दिप्याची टिपणी

"दिप्या, तू करतोस ते एचआर नव्हंच. तू नुसत्या फायली हलवतोस," मन्या म्हणाला आणि तिथून पेटलं.

मन्या हिंजवडीत एका आयटी कंपनीत एचआरला आहे. शनिवारी साताऱ्यात येतो आणि पोवई नाक्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर बसून तमाम सरकारी खात्यांचा निकाल लावतो. दिप्या एका जिल्हा कार्यालयात आस्थापना शाखेत लिपिक आहे. कुठल्या खात्यात ते लिहीत नाही, त्याला नोकरी करायची आहे. नेमणूक, रजा, वेतनवाढ, बदली, चौकशी, पेन्शन, सगळ्याचा पहिला कागद याच्या टेबलावर तयार होतो. साहेबांनी काय करावं हे सुचवणारा माणूस म्हणजे खरं तर सल्लागारच. पाटी तेवढी लिपिकाची, आणि पगारही.

"फायली हलवतो? माझ्या कपाटात दोनशे माणसांच्या नोकऱ्या आहेत, लका. तुझ्या लॅपटॉपात काय आहे?"

"पॉलिसी आहे. माणूस काम करत नसला तर पीआयपीवर, म्हणजे सुधारायच्या मुदतीवर टाकायचा, साठ दिवस द्यायचे, नाही सुधारला तर नमस्कार. तुम्ही काय करता? चौकशी लावता, ती पाच वर्षं चालते."

"मग तुझ्याकडं माणूस तीस वर्षं टिकतो का?"

यावर मन्यानं वडापाव तोंडात घातला. मुद्दा तिथंच मिटला असता, पण दिप्याच्या डोक्यात सध्या एक फाईल बसलेली होती आणि ती त्यानं काढली.

त्यांच्याकडचे एक ड्रायव्हरकाका येत्या काही महिन्यांत अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त होतायत. पेन्शनची कागदपत्रं महालेखापालांकडे जायची, त्याआधी सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे गेलं आणि आक्षेप घेऊन परत आलं. २००९-१० मध्ये काका आठ महिने असाधारण रजेवर होते, म्हणजे बिनपगारी. बायको आजारी होती आणि शिल्लक रजा संपलेली. सहाव्या वेतन आयोगात वेतनवाढ सगळ्यांना १ जुलैला मिळायची, पण मागच्या बारा महिन्यांत किमान सहा महिने वेतनवाढीसाठी धरता येईल अशी सेवा लागायची. काकांची भरत होती चार. तरी १ जुलै २०१० ची वेतनवाढ त्यांना लावली गेली. तेव्हापासून त्यांचा पगार कायम एक पायरी पुढं. मग त्यावर महागाई भत्ता, त्यावर सातव्या आयोगाची वेतननिश्चिती. आता हिशेब पावणेदोन लाखांच्या घरात गेलाय.

ते सेवापुस्तक मी पाहिलंय. माझं झेरॉक्सचं दुकान त्याच रस्त्याला आहे, आणि त्या कार्यालयातलं मशीन वर्षातले बरेच दिवस आजारीच असतं. पुठ्ठा निघालेला, पाठीला खाकी चिकटपट्टी. पहिल्या पानावर जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, ओळखीच्या खुणेत 'उजव्या भुवईवर व्रण', खाली बोटांचे ठसे. रजेची नोंद निळ्या शाईत, तिच्याखाली दोन ओळी सोडून वेतनवाढीची नोंद, दोन्हींवर एकाच साहेबाची सही. समासात कुणीतरी पेन्सिलीनं 'तपासावे' लिहिलंय. कुणी लिहिलं ठाऊक नाही. ज्यानं लिहिलं त्याला चूक दिसली होती, एवढं नक्की. झेरॉक्समध्ये ती पेन्सिल उमटत नाही, मी कॉन्ट्रास्ट वाढवून बघितलं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता वसुली. उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून. साहेबांच्या मंजुरीसाठी टिपणी केलीय तयार."

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. मला वाटलं ते काकांची बाजू घेतील. ते म्हणाले, "बरोबर आहे. पैसा जनतेचा. चुकून जास्त दिला, परत घ्यायचा. मला कमी दिला असता तर मी भांडून घेतला नसता का?"

"गुरुजी, तुम्ही स्वतः पेन्शन खाताय," मन्या.

"म्हणून तर बोलतोय. माझं पुस्तक मी दर वर्षी बघून सही करायचो. यांनी बघितलं नाही?"

"बघितलं हो. सही पण आहे. पण ड्रायव्हरला वेतनवाढीचा नियम कळतो का?"

इतका वेळ वकील मोबाईलमध्ये होता. तो आमच्यातला खराखुरा वकील, सर्व्हिस मॅटर, म्हणजे नोकरीचे खटले बघतो, बोलायला लागला की फी मागेल अशी भीती वाटते. त्यानं विचारलं, "रफीक मसीह वाचलंय का तू?"

दिप्यानं नाव ऐकलं होतं. वकिलानं सांगितलं ते असं. पंजाब सरकार विरुद्ध रफीक मसीह, सर्वोच्च न्यायालय, १८ डिसेंबर २०१४. चुकून जास्त दिलेला पगार कधी वसूल करता येणार नाही, याचे पाच प्रसंग त्यात सांगितलेत. कर्मचारी वर्ग तीन किंवा चारचा असेल तर. निवृत्त झालेला असेल किंवा वर्षभरात होणार असेल तर. जादा पैसे पाच वर्षांहून जास्त काळ दिले गेले असतील तर. काका एकटेच तीन प्रसंगांत बसतात.

"पगार दुरुस्त करा, पेन्शन दुरुस्त पगारावर काढा, त्याला कुणाची ना नाही. पण मागचं काढून घेऊ नका. काकांनी लबाडी केलेली नाही, कागद लपवला नाही. चूक तुमच्या शाखेची."

"पण वचनपत्र आहे ना," दिप्या म्हणाला. हे त्याच्या बाजूचं हुकमाचं पान. सातव्या आयोगाची वेतननिश्चिती २०१९ मध्ये झाली, तेव्हा जास्त रक्कम दिली गेल्याचं आढळल्यास परत करीन, असं छापील वचनपत्र सगळ्यांकडून घेतलं होतं. काकांचंही आहे. "आणि २०१६ च्या जगदेव सिंग निकालात वचनपत्र दिलं असेल तर वसुली चालते असं म्हटलंय. मी पण वाचतो, वकीलसाहेब."

"वाचतोस, पण जगदेव सिंग कोण होता ते वाचलंस का? न्यायाधीश होता. कायदा कळणारा माणूस सही करतो आणि साहेबाच्या गाडीचा ड्रायव्हर रांगेत उभा राहून सही करतो, यात फरक आहे का नाही? शिवाय वचनपत्र २०१९ चं, चूक २०१० ची."

गुरुजींना हे पटलं नाही. सही ती सही, असं त्यांचं म्हणणं. वकील आणि ते बराच वेळ सहीवरच भांडले. ते सगळं इथं लिहीत नाही, कारण त्यात एकमेकांची खानदानं निघाली.

मी दिप्याला टिपणी दाखवायला सांगितली. त्यानं मोबाईलवर फोटो काढलेला. दीड पान. पहिल्या पानावर रजेचा कालावधी, नियम, पथकाचा आक्षेप, तक्ता. सगळं चोख, अक्षर न् अक्षर बरोबर. आणि शेवटी: 'सबब, अतिप्रदान झालेली रक्कम संबंधितांच्या सेवानिवृत्ती उपदानातून वसूल करण्यास मान्यता असावी. मान्यतेस्तव सादर.' वचनपत्राचा उल्लेख होता. रफीक मसीहचा नव्हता.

"हा निकाल का नाही घातलास?"

"मी फक्त नियम मांडतो. निर्णय सक्षम प्राधिकारी घेतात. मी कुणाच्याच बाजूचा नाही."

इथं मला राहवलं नाही. वचनपत्र आत आणि निकाल बाहेर, हे कुणी ठरवलं? साहेबांच्या टेबलावर रोज चाळीस फायली. ते शेवटचा परिच्छेद वाचतात, फार तर तक्ता बघतात, सही करतात. साहेबांना दोन वाटा आहेत हेच टिपणीनं कळू दिलं नाही, तर निर्णय झाला कुठं? दिप्याच्या टेबलावर. मन्याचं एचआर तरी सरळ सांगतं की आम्ही कंपनीचे.

"सांगत नाही," मन्या प्रामाणिकपणे म्हणाला. "आम्ही सांगतो की आम्ही एम्प्लॉयीचे. पण आहोत कंपनीचे."

दिप्या जरा गप्प झाला. मग म्हणाला ते मात्र खरं होतं, आणि सगळ्या वादातलं मला तेच महत्त्वाचं वाटलं. "वसुली करू नये असं मी लिहिलं आणि उद्या लेखापरीक्षणात आक्षेप आला, तर पहिली सही कुणाची? माझी. मग जबाबदारी निश्चित करा म्हणून पत्र येतं. २०१० चा लिपिक निवृत्त होऊन गावाला आंब्याची बाग करतोय, तेव्हाच्या साहेबाचा पत्ता नाही. हातात सापडणारा मी. वसुली करा असं लिहिलेल्या टिपणीवर आजपर्यंत कुणी आक्षेप घेतलाय? दाखवा मला एक."

कुणाकडेच नव्हता. म्हणजे आस्थापनेतल्या नव्या पोरानं स्वतःला वाचवायचं तर टिपणी माणसाच्या विरोधात लिहावी, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. पहिल्या लेखापरीक्षणात ते आपोआप कळतं. प्रशिक्षणात म्हणे त्यांना रजा नियम १९८१ आणि निवृत्तिवेतन नियम १९८२ कलमवार शिकवले. टिपणीत काय गाळलं तर माणूस मरतो, हा तास नव्हता.

गुरुजी एकदम म्हणाले, "आणि ती रजा बायकोच्या आजारपणाची होती ना रे? मग ती वेतनवाढीला धरता येत नाही?"

"स्वतःच्या वैद्यकीय दाखल्यावर असती तर धरली असती. बायकोच्या नाही." दिप्या थांबला. "आवाक्याबाहेरच्या कारणानं रजा घ्यावी लागली असं शासनाला पटलं तर ती धरायचा आदेश निघू शकतो. पण तसा प्रस्ताव पाठवायला लागतो. तेव्हा कुणी पाठवला नाही."

"काकांना माहीत होतं, असं मागता येतं?"

"त्यांना कसं माहीत असणार? ते शाखेनं सांगायचं असतं."

"शाखेनं म्हणजे तुझ्या खुर्चीनं," वकील म्हणाला.

गुरुजींनी मग बाजू बदलली. म्हणजे तोंडानं नाही बदलली, पण चहा आणखी एकदा सांगितला आणि दिप्याला म्हणाले, "दोन्ही लिही. वचनपत्र पण लिही, निकाल पण लिही, आणि तो प्रस्ताव आता पाठवता येतो का ते पण विचार. साहेबाला ठरवू दे, पण सगळं वाचून ठरवू दे."

"साहेब चिडतील. एकच प्रस्ताव आणा म्हणतात. पर्याय दिले की 'चर्चा करावी' असा शेरा मारून फाईल परत."

"मग कर चर्चा. तोंड आहे ना?" मन्या. "आमच्यात मी व्हाइस प्रेसिडेंटला दोन पर्याय दिल्याशिवाय मेल पाठवत नाही."

"तुझा व्हाइस प्रेसिडेंट तुझा गोपनीय अहवाल लिहितो का?"

"अरे, तेच तर लिहितो, दुसरं करतो काय!"

यावर सगळेच हसले, दिप्यासुद्धा. वकिलानं बदल्यांच्या आणि दिरंगाईच्या २००५ च्या कायद्याची आठवण करून दिली, की एका टेबलावर फाईल सात कामाच्या दिवसांच्या वर राहता कामा नये, आणि तुझ्याकडं ही गेल्या सोमवारपासून आहे. दिप्यानं बोटं मोजली. मग मोबाईल काढून म्हणाला, "तो निकालाचा नंबर सांग परत."

"सिव्हिल अपील ११५२७ ऑफ २०१४. रफीकचा फ ऱ्हस्व-दीर्घ तुझा तू बघ."