साठ रुपयांचाच तर मासा आहे!

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट लांब होणार आहे.

कॉलनीत एका लेकराचा वाढदिवस होता. रिटर्न गिफ्ट काय, तर प्रत्येक पोराच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, त्यात चार बोटं पाणी आणि एक गोल्डफिश. परभणीचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. पोरं ती पिशवी घेऊन गच्चीवर, झोपाळ्यावर, कुठं कुठं हिंडली. संध्याकाळी खालच्या मजल्यावरचं पोरगं रडत आमच्या दारात आलं. मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करत होता, कल्ले लालभडक झाले होते. मागून त्याचे वडील आले आणि म्हणाले, "सोड रे, साठ रुपयांचाच तर मासा आहे. उद्या दुसरा आणू."

लेकरासमोर! अहो, त्या पोराला आज तुम्ही काय शिकवलंत? जीव स्वस्तात मिळाला की त्याचं आजारपण बघायचं नसतं, हेच ना?

आमच्याकडे लाल्या आहे, आमचा गोल्डफिश. ज्यांनी आमचा हॉल पाहिलाय त्यांना माहीत आहे. एका मे महिन्यात लाल्या आजारी पडला, तेव्हा ते आधी कळलं आमच्या अण्णांना. अण्णा म्हणजे माझे सासरे, जन्म जिंतूरकडच्या खेड्यात शेती करण्यात गेला, मासा पाळणं त्यांच्या बापजन्मी कुणाला माहीत नाही. सकाळी चहा घेताना म्हणाले, "पोरी, ह्या लालकड्याचं काही खरं दिसंना. कालपासून कोपऱ्यात उभंय. मधीच उठतंय आन् दगडाला अंग घासायलंय." आम्ही रोज त्या टाकीसमोरून जात होतो, पण बघत होते ते अण्णा. मोबाईलचा टॉर्च मारून पाहिलं तर शेपटीवर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे पांढरे ठिपके.

नवरा दुकानात गेला. दुकानदाराने काही न विचारता तीन बाटल्या काढून दिल्या, एक निळी, एक पिवळी, एक कसलंतरी टॉनिक. वर सल्ला दिला की सगळं पाणी फेकून द्या आणि टाकी साबणाने घासून काढा. एकही प्रश्न नाही. टाकी किती लिटरची, पाणी कुठलं, कधी बदललं, काही म्हणजे काही नाही. अण्णा ऐकून म्हणाले, "बैल आजारी पडला म्हणून कुणी गोठा पाडत नसतंय."

अण्णांचं ते वाक्य शंभर टक्के बरोबर होतं. गोल्डफिशचा निम्म्याहून अधिक आजार हा माशाचा नसतोच, पाण्याचा असतो. मासा कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो, आणि तोच त्याला जाळतो. टाकी जुनी झाली की फिल्टरच्या स्पंजात जिवाणू वस्ती करतात. ते अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट, जे बरंच कमी घातक असतं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही टाकी साबणाने धुतली, स्पंज नळाखाली खळखळून काढला, की क्लोरीनने ती वस्ती संपली. मग मासा आपल्याच मुतात बसतो. मग कल्ले लाल होतात, परांत लाल रेघा दिसतात, मासा वर येऊन हवा गिळतो, आणि आपण म्हणतो, "काय की बाई, आमच्याकडे मासे जगतच नाहीत."

कसे जगतील? दर आठवड्याला पाव ते तिसरा हिस्सा पाणी बदला, स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात पिळा. बस. ह्याला पैसे लागत नाहीत.

आता मला लगेच सांगाल, ताई, आपल्याकडे माणसालाच पाणी नाही आणि तुम्ही माशाचं काय घेऊन बसलात. खरं आहे. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण तो आठवड्याचा बादलीभर हिस्सा तुळशीला आणि कुंड्यांना घाला ना, झाडं खूश होतात. आणि ज्याला तेवढंही जमत नाही त्याने मासा आणू नये, एवढं सरळ आहे.

आपल्या पाण्याचं एक वेगळंच आहे. नळ इतक्या दिवसांनी येतो की सगळे एकदम भरून ठेवतात, आणि नेमकं त्या पाण्याला ब्लीचिंग पावडरचा वास मारत असतो. टँकरचं तर विचारूच नका. लाल्याच्या वेळी अण्णांनी पहिल्यांदा विचारलं ते हेच, "टाकीत पाणी कोणतं गेलं?" आदल्या दिवशी नळ आला होता आणि मोलकरणीने थेट नळी सोडली होती. ते पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवलं असतं तर क्लोरीन उडून गेलं असतं, किंवा अँटीक्लोरीनचे थेंब टाकायचे, ते कुठल्याही दुकानात मिळतात. बोअरचं जड पाणी मात्र गोल्डफिशला चालतं, उगीच बिसलरी ओतू नका. पण हे पाणी थोडं अल्कधर्मी असतं, आणि अशा पाण्यात, त्यातून उन्हाळ्यात, तोच अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणजे आपल्याकडे पाणी बदलण्यात हयगय चालतच नाही.

आणि ऊन! हा थंड पाण्यातला मासा आहे. २० अंशाला लिटरभर पाण्यात साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात. आपल्या हॉलमध्ये मे महिन्यात पाणी ३० च्या वरच असतं. त्यात लाइट गेली की पंप बंद. लाल्याच्या आजारपणात दुपारी लाइट जायची तेव्हा अण्णा स्टूल घेऊन टाकीपाशी बसायचे आणि स्टीलच्या तांब्याने पाणी वर उचलून परत सोडायचे, हळू धारेने. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. धारेबरोबर हवा आत जाते, एवढं त्यांचं त्यांनाच कळलं होतं.

पांढऱ्या ठिपक्यांचं नीट सांगते, कारण तिथेच सगळे फसतात. तो एक सूक्ष्म परजीवी आहे. अंगावर दिसतो तेव्हा तो कातडीच्या आत असतो, औषध त्याला शिवत नाही. पिकला की गळून तळाला जातो, तिथे फुटून त्याची शेकडो पिल्लं होतात आणि ती नवा मासा शोधत पोहतात. मरतात ती फक्त तेव्हा. म्हणून ठिपके गेले की लोक उपचार थांबवतात आणि आठवड्याने दुप्पट ठिपके येतात. आम्ही खडे मीठ वापरलं, लिटरमागे दोन-तीन ग्रॅम, एकदम नाही, दोन दिवसांत थोडं थोडं, मगभर पाण्यात विरघळवून. मीठ उडून जात नाही, त्यामुळे पाणी बदलाल तेवढ्याच पाण्यापुरतं पुन्हा घालायचं. ठिपके गेल्यावरही आठ-दहा दिवस चालू ठेवलं. लाल्या बरा झाला. तीन बाटल्यांची सीलं तशीच आहेत.

आणि हो, नराच्या कल्ल्याच्या झाकणावर आणि पुढच्या परांवरच बारीक पांढरे दाणे ओळीने दिसले, मासा मस्त खातोय, पळतोय, तर तो आजार नाही. विणीच्या काळात नराला ते येतातच. चांगल्या धडधाकट माशाला लोक औषधात बुडवतात, बघवत नाही.

औषध कधीच नको असं मी म्हणत नाही. परांच्या कडा पांढऱ्या होऊन झिजत चालल्या आणि स्वच्छ पाण्याने, मिठाने थांबेना, तर औषध लागतं. ती निळी बाटली, मिथिलीन ब्लू, बुरशीवर चांगली आहे. पण वेगळ्या बादलीत, टाकीत नाही, कारण ती स्पंजातले जिवाणूही मारते. अंगातून दोऱ्यासारखं काही लोंबत असेल तर तो अँकर वर्म नावाचा परजीवी. ओल्या फडक्यात मासा धरून चिमट्याने अगदी मुळाशी पकडून ओढायचा, अर्धा तुटू द्यायचा नाही.

मासा उलटा तरंगतोय म्हणजे मेला असं समजून नालीत टाकणारे मी पाहिलेत. जिवंत मासा! फँटेल, ओरांडा ह्या गोल पोटाच्या गोल्डफिशच्या जातींना हे फार होतं. तरंगतं खाणं गिळताना हवा पोटात जाते, पोट साफ होत नाही, तोल जातो. दोन-तीन दिवस उपाशी ठेवा, मग उकडलेल्या मटाराचं साल काढून कण द्या. गोल्डफिशला जठरच नसतं, खाल्लेलं सरळ आतड्यात जातं. त्यामुळे तो सतत मागणार आणि घरातला प्रत्येक जण येता-जाता चिमूट टाकणार. दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या. काही मासे मटारानेही सरळ होत नाहीत, हे मान्य. आणि खवले उभे राहून अंग फुगलं असेल तर मूत्रपिंड गेलेलं असतं, तिथे बहुतेकदा उशीर झालेला असतो. पण तिथवर जाण्याआधी तो मासा किती दिवस कोपऱ्यात उभा होता, ते कुणी पाहिलं का?

चीनमध्ये हजार वर्षांपूर्वीपासून माणसाने हा मासा पाळलाय. नीट ठेवला तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. इंग्लंडात टिश नावाचा एक गोल्डफिश १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळाला होता, तो १९९९ पर्यंत जगला, ४३ वर्षं. तोही असाच फुकट वाटलेला मासा होता! रोम शहराने २००५ साली गोल काचेचं भांडं आणि जत्रेत जनावर बक्षीस देणं, दोन्हींवर बंदी घातली. आपल्याकडे अजून वाढदिवसाला वाटतायत.

परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, उदगीरला मत्स्य विज्ञान महाविद्यालय आहे. ह्या मंडळींनी वर्षातून एखादा रविवार घरच्या माशांसाठी ठेवला, पोरांना बोलावून दाखवलं, तर किती बरं होईल. तिथे कुणाची ओळख असेल तर माझं एवढं म्हणणं पोचवा.

राग थोडा उतरला आता. ज्यांच्या घरी आज पिशव्या आल्यात त्यांनी आत्ता एवढं करा. मोठी बादली घ्या, गोल बरणी नको. कालचं भरलेलं किंवा अँटीक्लोरीन टाकलेलं पाणी भरा. बंद पिशवी त्यात पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. पिशवी उघडली की मासा लगेच बादलीत घ्या, कारण उघडल्यावर त्या पाण्यातला अमोनिया झपाट्याने जास्त विषारी होतो. पिशवीतलं पाणी बादलीत ओतू नका. आज खायला देऊ नका. पाळायचा नसेल तर नदीत, विहिरीत सोडू नका, तो तिथल्या माशांच्या मुळावर येतो. मला द्या. माझ्याकडे मोठा टब आहे आणि अण्णांना रात्री झोप कमीच असते. काही लाल, पांढरं, वाकडं दिसलं तर फोटो काढून खाली कमेंटमध्ये टाका. कितीही वाजले असू द्या, टाका.