सह्या करणाऱ्यांचा बर्नआउट

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. संध्याकाळपर्यंत तोच माहेरच्या ग्रुपवर, रात्री नर्सिंगच्या बॅचच्या ग्रुपवर. मजकूर साधारण असा: ‘हॉस्पिटलच्या वरिष्ठांना म्हणे बर्नआउट होतो! राबतात रेसिडेंट डॉक्टर आणि सिस्टर, हे एसीत बसून सह्या करतात. कोविड संपला, आता कसला ताण? जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते की बर्नआउट हा आजार नाही. रोज वीस मिनिटं प्राणायाम करा. आमच्या वेळी नव्हतं असलं काही. झेपत नसेल तर खुर्ची सोडा.’ खाली टाळ्यांची रांग. बर्नआउट म्हणजे कामाच्या ताणाने माणूस आतून पार संपून जाणं.

मी पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात नऊ वर्षं मेट्रन, म्हणजे सगळ्या सिस्टरांची प्रमुख होते. तेव्हा त्या खुर्चीबद्दल बोलायचा थोडा हक्क मलाही आहे.

राबतात रेसिडेंट आणि सिस्टर, हे शंभर टक्के खरं. पण सह्या कशावर होतात ते ऐका. रविवारची रात्र, पावणेदहा. सोमवारी सकाळी आयसीयूला आठ सिस्टर हव्यात, कारण व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला एकास एक लागते. एकीला ताप, एकीला बघायला लातूरला पाहुणे आलेत, तिसरी जर्मनीच्या मुलाखतीसाठी रजेवर. उरल्या पाच. मग मी नाइटवरच्या मुलीला फोन लावायचा, ‘सकाळी सुटल्यावर दोनपर्यंत थांबशील का गं?’ ती ‘हो मॅडम’ म्हणायची. तिला नाही म्हणता येत नाही हे मला माहीत असायचं, आणि तरी मी विचारायचे. मंगळवारी त्याच मुलीच्या हातून इंजेक्शनचा डोस चुकला. पेशंट बचावला. इन्सिडेंट रिपोर्टवर सही माझी. आठ जागा भरायच्या की नाहीत ते वरच्या मजल्यावर ठरायचं. पाचांत भागवायचं मी, आणि चुकलं तर उत्तरही मीच द्यायचं.

कोविडचं म्हणाल, तर एप्रिल २०२१ मधला हिशोब अजून तोंडपाठ आहे. ऑक्सिजनचा सात हजार लिटरचा जंबो सिलिंडर आणि मिनिटाला साठ लिटर ओढणारं हाय-फ्लो मशीन, म्हणजे एका पेशंटला दोन तासही पुरत नाही. चाकणहून टँकर निघाला की नाही एवढंच आम्ही रात्रभर विचारत होतो. आणि कोविड संपल्यावर सगळं निवलं म्हणता? जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी भागात जीबीएसचे, म्हणजे नसांवर हल्ला करणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोमचे पेशंट निघाले. या आजारात श्वासाचे स्नायू लुळे पडले, तर पेशंट काही आठवडेसुद्धा व्हेंटिलेटरवर राहतो. म्हणजे पुन्हा एकास एक सिस्टर, पुन्हा रविवारची रात्र.

मेसेजमधलं सगळ्यात हुशार वाक्य आरोग्य संघटनेचं. अर्धं खरं आहे ना! संघटनेच्या आजारांच्या आयसीडी-११ या यादीत बर्नआउट आजार म्हणून नाही, कामाशी निगडित स्थिती म्हणून आहे. पण पुढचं वाचलं तर मेसेज पाठवणाऱ्याचीच पंचाईत होईल. कामाच्या ठिकाणचा ताण दीर्घकाळ आटोक्यात न आणल्याचा हा परिणाम, असं तिथे म्हटलंय. लक्षणं तीन: शक्ती संपणं, कामापासून मन तुटणं आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. पहिलं मला लगेच कळलं. दुसरं कळायला सहा वर्षं लागली. एका संध्याकाळी रोस्टर भरताना लक्षात आलं की मला मुलींची तोंडंच आठवत नाहीयेत, नुसते चौकोन दिसतायत. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट, ऑफ. कुणाची आई दवाखान्यात आहे, कुणाचं बाळ अंगावर पितंय, हे मी पूर्वी न विचारता सांगायचे.

प्राणायामाला माझा विरोध नाही, मी करते. पण आमच्याकडे ‘ताणमुक्ती’चं सत्र ठेवलं ते बुधवारी दुपारी चारला, हजेरी सक्तीची. यादी कुणी करायची? मी. दोन वॉर्डांत एकेक सिस्टर ठेवून बाकीच्यांना हॉलमध्ये डोळे मिटायला पाठवलं. माझे डोळे मोबाइलवर, कुठल्या वॉर्डातून फोन येतोय याकडे. डॉक्टरांच्या बर्नआउटवरचे बरेच अभ्यास एकत्र करून २०१७ मध्ये पाहिलं गेलं, तेव्हा माणसाला शिकवण्यापेक्षा कामाची रचना बदलल्याचा गुण जास्त दिसला. ड्युटीचे तास, कामाची वाटणी, असले रूक्ष बदल. त्यांचे फोटो निघत नाहीत.

‘आमच्या वेळी नव्हतं.’ होतं हो. न्यूयॉर्कच्या डॉ. फ्रॉइडेनबर्गर यांनी मोफत दवाखान्यात काम करताना स्वतःत आणि सहकाऱ्यांत पाहूनच १९७४ मध्ये यावर लिहिलं. आमच्याकडे तेव्हा त्याला ‘मेट्रनबाई खडूस आहेत’ म्हणायचे. मी शिकत असताना आमच्याही बाई खडूसच होत्या. दुपारी जेवणाचा डबा न उघडता परत न्यायच्या, ते आम्ही डाएट समजून हसायचो.

आणि हा वरच्याचा थकवा वरच राहत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयात डॉक्टरांनी आपापल्या थेट वरिष्ठाला गुण दिले, त्याचा अभ्यास २०१५ मध्ये छापून आला. वरिष्ठाला गुण कमी, तिथे डॉक्टरांचा बर्नआउट जास्त. म्हणजे ज्या रेसिडेंट आणि सिस्टरसाठी मेसेजवाल्याचा जीव तुटतोय, त्यांच्याच भल्यासाठी सह्या करणाऱ्याकडे बघावं लागेल.

राहिलं खुर्ची सोडणं. सोडली मी, निवृत्तीला दोन वर्षं असताना. माझ्या जागी आयसीयूची सर्वात सीनियर सिस्टर बसवली. उत्तम सिस्टर, रोस्टर आयुष्यात कधी केलेलं नाही. आयसीयूत तिची जागा अजून रिकामीच आहे. परवा रविवारी रात्री तिचा फोन आला, ‘मॅडम, सकाळला दोन कमी आहेत. नाइटच्या मुलीला थांबवू का?’

मी घड्याळ पाहिलं. पावणेदहा.