विधवेच्या दोन टोल्या आणि दशमांशाचा संदेश

हंगामाच्या उपासनेचे, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याचे, दिवस जवळ आले की बेळगाव आणि खानापूर भागातील आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांच्या व्हॉट्सॲपवर एक संदेश फिरू लागतो: ‘दशमांश न देणारा देवाला ठकवतो, म्हणून त्याच्या घरात दारिद्र्याचा शाप राहतो. विधवेप्रमाणे असेल ते सर्व द्या, शंभरपट परत मिळेल.’ (दशमांश म्हणजे उत्पन्नाचा देवाला द्यायचा दहावा भाग.) यामागचे प्रत्येक वचन बायबलमध्ये आहे, पण एकही त्याच्या शेजारच्या वचनासह वाचलेले नाही.

संदेशातली दशमांशाची आज्ञा बायबलमधील मलाखी या पुस्तकातली (3:10) आहे. त्याच अध्यायाचे पाचवे वचन मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांना आणि विधवा व अनाथांना छळणाऱ्यांना दोषी ठरवते, ते मात्र कोणी पुढे पाठवत नाही. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 14व्या अध्यायाप्रमाणे दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश गावातच साठवायचा होता, तो लेवी (मंदिरसेवा करणारा, स्वतःची जमीन नसलेला वंश), परदेशी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे म्हणून. म्हणजे ज्या विधवेच्या ताटात दशमांश पडायचा, तिच्याचकडे आज तो मागितला जातो.

दारिद्र्य हा शाप असल्याचे अनुवादाच्या 28व्या अध्यायात आहे आणि आळशी हात माणसाला दरिद्री करतो असे नीतिसूत्रे 10:4 म्हणते, हे मी नाकारत नाही. पण गरिबाच्या शेतात भरपूर पिकते आणि अन्यायामुळे ते हातचे जाते, असे तेच पुस्तक 13:23 मध्ये सांगते. दुसऱ्याच्या शेतात दिवसभर चिखलात वाकून भाताची रोपे लावणाऱ्या बाईला यांपैकी कोणते वचन लागू पडते, हे खानापूरच्या माणसाला सांगावे लागू नये.

आता विधवा. मार्कच्या शुभवर्तमानात (12:40) येशू विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना धिक्कारतो, लगेच पुढे एक गरीब विधवा मंदिराच्या दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, हीच तिची सारी उपजीविका, टाकते, आणि 13:2 मध्ये त्याच मंदिराचा चिऱ्यावर चिरा राहणार नाही असे तो म्हणतो. तिची श्रद्धा थोर आहे, यात मला शंका नाही. तरीही ‘तुम्हीही असेच करा’ हे वाक्य त्या प्रसंगात कोठेही नाही. आमच्या शेजारच्या मावशींनी गेल्या हंगामात बचत गटाच्या (संघाच्या) कर्जाच्या हप्त्यासाठी रुमालात बांधून ठेवलेल्या पाचशेच्या दोन नोटा दानाच्या पाकिटात घातल्या आणि सोमवारी सकाळी त्या उसने मागायला आमच्या दारात उभ्या राहिल्या. छोट्या कर्जांची जबरदस्तीची वसुली रोखण्यासाठी ज्या कर्नाटक राज्याला 2025 मध्ये अध्यादेश काढावा लागला, तेथे हे दान त्याग म्हणून मिरवण्याचे मला धाडस होत नाही.

शंभरपटीच्या वचनात (मार्क 10:30) घरे, भाऊ, बहिणी, आया आणि शेते यांच्याबरोबर ‘छळणूक’ही आहे, तो व्याजाचा हिशेब नव्हे.

येशूने श्रीमंत तरुणाला सर्वस्व विकायला सांगितले, पण जक्कय या श्रीमंत जकातदाराने अर्धे देऊ केले तेव्हा अधिक मागितले नाही. मासेदोनिया प्रांतातील सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी कमालीच्या दारिद्र्यात ऐपतीबाहेर दिले, तेही स्वखुशीने आणि यरुशलेमेतील गरिबांसाठी. त्यांचे कौतुक करणारा प्रेषित पौलच पुढे करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात (2 करिंथ 8:12-13) लिहितो की दान माणसाजवळ जे आहे त्यावरून मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे, आणि दुसऱ्याला सुख व तुम्हाला भार व्हावा असा आपला हेतू नाही. ही दोन वचने त्या संदेशाखाली लिहून मी तो ज्याने पाठवला त्याला परत पाठवतो.