गरम टायरचा मान

माझं स्थळ ठरवताना मावशीने छातीठोकपणे सांगितलं होतं, "मुलगा निर्व्यसनी आहे." मावशीला हिलक्लाइंब हा प्रकार ठाऊक नव्हता.

वाहतुकीला बंद केलेल्या घाटरस्त्यावर एकेकाने घड्याळाशी भांडत गाडी वर न्यायची, एवढाच हा खेळ. वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. इंग्लंडात शेल्स्ली वॉल्श इथे हा उद्योग १९०५ पासून त्याच रस्त्यावर चालू आहे. रस्ता अवघा १००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर, आणि तिथले पटाईत तो २३ सेकंदांच्या आत संपवतात. तेवढ्यात आमच्या पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला हॉर्नसुद्धा धड वाजून होत नाहीत.

आमची गाडी एका माणसापुरती. जुन्या फॉर्म्युला गाडीचा सांगाडा, पाठीमागे मारुती ८०० चं ७९६ सीसी, तीन सिलिंडरचं इंजिन आणि बाकी सगळी नाना पेठेतल्या स्पेअर पार्टवाल्यांची कृपा. चढावर पळण्यापेक्षा ओढ महत्त्वाची, म्हणून यांनी क्राउन-पिनियन, म्हणजे चाकांना फिरवणारी दातेरी चक्रांची जोडीही बदलून घेतली. (त्या महिन्यात आमचं फ्रीज बदलायचं राहिलं.) नंबर प्लेट नाही, त्यामुळे गाडी टेम्पोतून न्यावी लागते. आणि तिचं पोट जमिनीला असं टेकलेलं, की सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर तिला ओलांडता येत नाही. घाट चढणाऱ्या गाडीचं नाक गेटपाशी चौघांनी उचलायचं! सेक्रेटरी ते गॅलरीतून बघतात आणि संध्याकाळी पार्किंगच्या नियमांची नोटीस लागते.

पण खरी गंमत अशी की गाडी एक आणि चालवणारे दोन, हे आणि आमची लेक. दोघांच्या आकारमानातल्या फरकात तिसरा माणूस बसेल. म्हणून सीटा वेगवेगळ्या, अंगाबरोबर बेतलेल्या. कचऱ्याच्या जाड पिशवीत फोमची दोन रसायनं ओतायची, पिशवी सीटच्या जागी ठेवायची आणि वर माणूस बसवायचा. फोम भाकरीसारखा टम्म फुगतो आणि पाठीच्या आकारात घट्ट होतो. फुगताना तो चांगलाच तापतो, हे डब्यावर छापलेलं असतं. यांनी डबा वाचला नव्हता.

"अगं, भाजतंय!"

"हलू नका बाबा, आकार बिघडेल."

सासूबाई पार्किंगच्या कट्ट्यावरून म्हणाल्या, "लहानपणीही पाटावर स्थिर बसायचा नाही."

स्पर्धेच्या दिवशी वेगळंच नाटक. थंड टायर रस्ता धरत नाहीत. पहिला वर जाऊन येतो तोवर ते तापतात आणि दुसऱ्याला आयते मिळतात. त्यामुळे पंगतीत पहिलं पान पटकावणारे आमचे हे घाटाच्या पायथ्याशी एकदम उदार होतात. "लेकीला जाऊ दे आधी."

"छे, बाबा. मोठ्यांचा मान पहिला."

हेल्मेट घालून दोघांचं हे सौजन्य इतका वेळ चाललं की मागचा स्पर्धक खाली उतरून विचारायला आला, काही बिघाड आहे का? शेवटी मी छापा-काटा केला. मान बाबांना मिळाला.

गाडी घसरू नये म्हणून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावला. इथे हिरवा दिवा लागला म्हणून लगेच निघायची सक्ती नसते, घड्याळ सुरू होतं ते गाडीचं नाक रेषेवरचा प्रकाशाचा किरण तोडतं तेव्हा. कर्वे रस्त्यावर पिवळ्यालाच सुटणारे हे, इथे हिरव्यावर ध्यान लावून बसले. मग एकदम गेले. धूर, आवाज, वळण, संपलं. वर्षभर खपायचं आणि मला दिसायचं ते एवढंच.

लेक त्यांच्यापेक्षा ३१ शतांश सेकंदांनी लवकर पोचली.

परतीच्या वाटेवर चांदणी चौक येईपर्यंत कारणं चालू होती. टायर थंड होते, हवा दमट होती, मधे ढग आला.

"सकाळचे चार वडापाव, बाबा," लेक म्हणाली.

घरी सासूबाईंनी विचारलं, "वर देऊळ आहे का?"

"नाही, आई."

"मग एवढी घाई कसली?"

यांनी ताट बाजूला सारून फोन उघडला. १९३० च्या दशकात इंग्लंडातले स्पर्धक मागे ट्रकसारखी जोडचाकं लावत, त्याचा फोटो दाखवला. आता तशीच हवीत.

लेकीने तो बोटांनी मोठा करून नीट पाहिला. "लावा ना बाबा. पण चार टायर तापायला जास्त वेळ लागेल. पहिले तुम्हीच जा."